बेटावरून जाणारा पूल

बांधकाम खात्याच्या इमारतीतली लिफ्ट पाचव्या मजल्यावर संपायची. सहाव्यावर होत्या पाण्याच्या टाक्या, कबुतरं आणि बारीकराव.

बारीकरावांचं काम नमुने करण्याचं. धरण असो, दवाखाना असो, बसस्थानक असो, खात्याच्या मनात काही बांधायचं आलं की आधी ते यांच्या टेबलावर उभं राहायचं. पुठ्ठ्याच्या भिंती, पातळ फळ्यांची छपरं, स्पंजाची झाडं. हात इतका बारीक की काडेपेटीच्या एका काडीतून चार मोटारी काढायचे. त्यावरून नाव पडलं बारीकराव. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तेवढंच.

सत्तावीस वर्षांत त्यांनी केलेल्यापैकी प्रत्यक्षात उभं राहिलं होतं फार थोडं. बाकीचं सगळं भिंतीलगतच्या फडताळांत होतं. दुपारी ऊन तिरपं होऊन आत शिरलं की फडताळातलं ते गाव जागं झाल्यासारखं वाटायचं. न झालेल्या दवाखान्याच्या दारात ऊन पडायचं, न झालेल्या बागेत सावल्या लांबायच्या. अशा वेळी बारीकरावांना वाटायचं, आपण राहतो ते याच गावात, आणि खिडकीबाहेर दिसतंय तो कुणीतरी घाईघाईत केलेला, बराचसा बिघडलेला नमुना आहे.

एका सकाळी गुंतवणूक कक्षाच्या मॅडम स्वतः वर आल्या. वयाने बारीकरावांच्या मुलीएवढ्या, पण खालचे पाचही मजले त्यांना टरकून असत. त्यांनी स्टूल ओढलं, धूळ न झटकता त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, पूल करायचाय."

"नदीवरचा?"

"मग काय आकाशातला?"

बारीकराव हसले. नदीवरच्या पुलाची बोलणी त्यांच्या जन्माच्या आधीपासून चालली होती. नदी एक किलोमीटरहून रुंद. अलीकडे गाव, पलीकडे कारखाने, मोठा रस्ता आणि मोठा दवाखाना. मध्ये एक बेट. सकाळी लाँचची जाऊन येऊन एक फेरी व्हायची, संध्याकाळी दुसरी, आणि जाता येता ती बेटाला लागायची. लाँच चुकली की तो दिवस गेला.

"सरकारकडे एवढा पैसा नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढची वीस वर्षं येणारही नाही. बाहेरच्या कुणीतरी पैसा घालायचा, पूल बांधायचा, तीस वर्षं टोल घ्यायचा आणि मग पूल आपल्या हवाली करून निघून जायचं. तीन कंपन्या येऊन गेल्या. आम्ही त्यांना ही एवढी जाड बाडं वाचायला दिली. त्यांनी वाचली, चहा घेतला, 'कळवतो' म्हणाले."

"मग मी त्यात काय करणार?"

"चौथी कंपनी येतेय. बाड मी देईनच. पण तुम्ही असा पूल करा की त्यांना त्याच्यावरून चालावंसं वाटलं पाहिजे."

एवढं बोलून त्या उठल्या. साडीला स्टुलाची धूळ तशीच होती, आणि ती सांगायचा धीर बारीकरावांना झाला नाही.

त्यांनी दोन टेबलं जोडली आणि त्यांच्यावर नदी ओतली. नदी ओतायची म्हणजे पातळ राळ हिरवट निळसर रंगवून थरावर थर द्यायचे, एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, आणि बुडबुडा दिसला की सुईनं फोडायचा. या कामाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत बारीकराव जेवताना, रस्त्यातून चालताना, बायकोशी बोलतानाही नदीच्या काठाकाठानं असायचे. झोपेत ते मोहरीएवढे व्हायचे आणि न वाळलेल्या नदीवरून अनवाणी चालायचे. पाय बुडायचे नाहीत, नुसते गार लागायचे.

मग पूल. नकाशात तो सरळ रेघेसारखा होता, बेटावरून उंच जाणारा, कारण खालून मालवाहू बोटी जायच्या होत्या. बेटापाशी मात्र त्या रेघेला एक वळसा होता, शंखासारखा गोल फिरत खाली उतरणारा रस्ता. कागदांवर त्याला 'बेट उतार' म्हटलं होतं. बारीकरावांनी आधी तो उतारच केला, पूल नंतर. खात्याला याचं कारण कळायचं कारण नव्हतं. बेटावर त्यांची ताई राहायची.

ताई त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं, आणि सुतारकाम शिकायला गावात धाडलं तेही हिनेच. स्वतः मात्र बेट सोडून कधी राहिली नाही. कोंबड्या पाळायची. आठवड्यातून एकदा अंड्यांच्या टोपल्या घेऊन लाँचने यायची, बाजार उरकायची आणि सहाव्या मजल्यावर चढून भावाबरोबर डबा खायची. साऱ्या इमारतीत त्यांना 'बारक्या' म्हणणारं ते एकच माणूस.

नमुना तयार झाला तेव्हा आठ जणांनी तो तीन भागांत खाली नेला. कंपनीचे लोक आले. त्यांत तरुण मंडळी बरीच, आणि एक म्हातारे इंजिनियर. कानात यंत्र, हातात काठी. तरुणांनी नमुन्याचे फोटो काढले. म्हातारे मात्र काठी भिंतीला टेकवून कष्टानं वाकले, गाल टेबलाला लागेपर्यंत वाकले, आणि पाण्याच्या पातळीवरून पुलाकडे बघत राहिले. कोपऱ्यात ब्रश घेऊन उभ्या असलेल्या बारीकरावांचं मन तिथेच त्यांच्यावर बसलं. नमुना असाच बघायचा असतो, त्यातला माणूस होऊन. सत्तावीस वर्षांत कुणा साहेबाने तो तसा बघितला नव्हता.

"वारा कुठून येतो?" वाकूनच म्हाताऱ्यांनी विचारलं.

सगळे बाडाची पानं उलटू लागले. बाडात ते होतं, पण कितव्या पानावर ते कुणालाच आठवेना.

"सकाळी वरच्या अंगाने, साहेब," बारीकराव म्हणाले. "दुपारनंतर समुद्राकडून. आणि तो फिरतो त्या वेळी घटकाभर नदी अगदी आरशासारखी होते."

"घटकाभर," म्हातारे म्हणाले आणि हळूच सरळ झाले. त्यांच्या गालाला थोडी हिरवी धूळ लागली होती.

तीन आठवड्यांनी मॅडम पुन्हा वर आल्या. या वेळी स्टूल झटकून बसल्या, आणि बारीकरावांना तेव्हाच कळलं की बातमी बरी नाही.

"कंपनी तयार आहे," त्या म्हणाल्या. "पण उतार काढायला सांगतायत."

"का म्हणून?"

"बेटावर मोटारी किती आहेत?"

"मोटारी? हातगाड्या आहेत दोन. त्यातली एक मोडकी."

"तेच तर. पुलाचा जितका खर्च, त्याचा सहावा हिस्सा एकट्या उताराचा. आणि त्यावरून कोण जाणार? हातगाडी." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आणखी एक आहे. पूल सुरू झाला की लाँच बंद करायची. कंपनीला पैसे देणाऱ्या बँका विचारतात, लाँच चालली तर पुलावर येणार कोण?"

बारीकराव म्हणाले, "उतारही नाही आणि लाँचही नाही. मग बेटावरच्यांनी कसं यायचं? पोहत?"

"मी भांडले, काका. दोन दिवस भांडले. घसा बसलाय बघा. ही चौथी कंपनी आहे. पाचवी येईल असं मला वाटत नाही." त्या म्हणाल्या, "माझे वडील संध्याकाळची लाँच सुटल्यावर आजारी पडले होते. सकाळची येईपर्यंत राहिले नाहीत. मला हा पूल हवाय. कसाही हवाय."

त्या गेल्यावर बारीकरावांनी सुरीत नवं पातं घातलं. उतार चार ठिकाणी चिकटवलेला होता. पहिले तीन सांधे सहज सुटले. चौथ्याला त्यांनी फार वेळ लावला. उतार तळहातावर घेतला तर सुकलेल्या फुलाएवढासुद्धा जड नव्हता. टाकवेना, म्हणून त्यांनी तो खोक्यात ठेवला आणि पुलाला जिथे खाच पडली होती तिथे लांबीचा लगदा भरून रंग दिला. संध्याकाळपर्यंत तिथे कधी काही होतं असं कुणाला वाटलं नसतं.

त्या आठवड्यात ताई आली. डबा खाऊन झाल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना नजर डब्याच्या झाकणावर.

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पूल आमच्या डोक्यावरनं जाणार, आणि आम्ही खाली बसून त्याचं पोट बघायचं?"

"तसंच काहीसं."

"आणि तो कापला कुणी?"

"मीच."

"नीट कापलास ना? का धसकटं ठेवलीस?"

"नीट कापला, ताई."

"मग झालं. काम नीट करावं." ती उठली, पदर खोचला. "दाखव तरी मला."

ती टेबलाभोवती दोनदा फिरली. लाँचचा धक्का तिने ओळखला, गावातला बाजार ओळखला, पलीकडच्या कारखान्याच्या चिमण्या मोजल्या. गावाच्या बाजूला माणसं होती, पुलावर मोटारी होत्या, नदीत बोटी होत्या. मग ती बेटापाशी थांबली. घरं होती, झाडं होती, तिच्या खुराड्याचा लाल पत्रासुद्धा होता.

"आम्ही कुठे रे?" तिने विचारलं.

बेटावर माणसं मांडायची राहूनच गेली होती. मुद्दाम नव्हे. नकाशात ती नव्हती.

"गावात माणसं, पुलावर माणसं, आणि बेटावर नुसत्या कोंबड्या? त्याही दिसत नाहीत. मांड की आम्हाला, बारक्या. माणसं मांडायला कुणा कंपनीची परवानगी लागते का?"

आणि मग तिथेच स्टुलावर बसून ती सांगू लागली. विहिरीवर कोण असतं, धक्क्यावर कोण उगीच बसलेलं असतं, शाळेच्या भिंतीला टेकून कोण कुणाशी बोलत उभं असतं. "सरपंचीण ठेंगणी आहे, तिला जरा कमी उंचीची कर. आणि तिच्या नवऱ्याला तिच्यापासून लांब ठेव, सध्या बोलत नाहीत." त्या दिवशी तिची लाँच चुकता चुकता राहिली. पुढच्या दोन आठवड्यांत बारीकरावांनी तारेच्या तुकड्यांची तीनशे बारा माणसं केली, ताईने सांगितली तशी. प्रत्येक जण मोहरीहून जरासा उंच. काम करता करता त्यांना बेटावरचे आवाज यायचे: विहिरीचा रहाट, कुणाची तरी हाक, कोंबड्यांची कुरकुर. कबुतरं असतील, ते स्वतःला सांगायचे, आणि कान देऊन ऐकत राहायचे.

करारावर सह्या व्हायच्या आधी कंपनीचे लोक पुन्हा आले. म्हाताऱ्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत. तरुणांपैकी एकाला वाटलं पाठ धरली, तो मदतीला पुढे झाला. म्हाताऱ्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

"हे कोण?"

मॅडमनी बारीकरावांकडे पाहिलं. त्या नजरेने एरवी कारकून सुट्टीवर गेले असते.

"बेटावरची माणसं, साहेब. तीनशे बारा."

"मोजून केलीत?"

"मोजून नाही. नावानिशी."

"सगळ्यांच्या माना वर का?"

हे खुद्द बारीकरावांनाही ठाऊक नव्हतं. तारा वाकवताना हाताने परस्परच केलं होतं. "डोक्यावरनं काही नवीन जायला लागलं की माणूस वर बघतो, साहेब," ते म्हणाले.

एक तरुण हसला. म्हातारे हसले नाहीत. खुर्ची मागवून बसले, बारीकरावांनाही बसायला लावलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमच्याशी खोटं बोलत नाही. हा पैसा माझा असता तर मी उतार बांधला असता. पण तो माझा नाही. कुठल्या कुठल्या शहरांतल्या निवृत्त शिक्षकांचा आहे, बस चालवणाऱ्यांचा आहे, नर्सांचा आहे. म्हातारपणी उपयोगी पडेल म्हणून त्यांनी आमच्या हातात दिलाय. तुमचं बेट त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांचं बुडवलं, तर असे पूल बांधायला पुन्हा कुणी पैसा देणार नाही. इथे नाही आणि आणखी कुठेही नाही."

बारीकरावांना हे पटलं. ताईचंही पटलं होतं. दोन्हीकडचं पटणं हा फार त्रासाचा प्रकार असतो.

"उतार सरकारने बांधला तर?" मॅडमनी अचानक विचारलं.

"तेवढे पैसे आहेत तुमच्याकडे?"

"नाहीत." त्यांनी नमुन्यातल्या बेटावर बोट ठेवलं. "इथून पुलावर चढायच्या जिन्यापुरते आहेत. जिन्यापुरते मी आणते. तुम्ही तो पुलाबरोबर बांधून द्या, खर्च आम्ही देतो. आणि जिना सुरू होईपर्यंत लाँच बंद होणार नाही. एवढं कलम बदलून द्या, बँकांना मी सांगते."

म्हाताऱ्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बाडाच्या मागच्या कोऱ्या पानावर काहीतरी रेखाटलं. रेघ सरळ आली. "त्या खांबाचा पाया मोठा धरू," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "कधी पैसे आले तर उतार जोडता येईल. तेवढं आम्ही सोसू." मग बारीकरावांकडे वळून म्हणाले, "एवढी उंची म्हणजे पायऱ्या दीडशेच्या घरात जातील. मध्ये टप्पे रुंद करा, मिस्त्री. आणि टप्प्यावर बसायला बाक करा. माझे गुडघे मला माहीत आहेत."

बारीकरावांनी जाड कागदाचे एकशे चव्वेचाळीस तुकडे एकावर एक चिकटवून जिना केला. दर अठरा पायऱ्यांना एक टप्पा, टप्प्यावर बाक. चार दिवसांनी सह्या झाल्या. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला, त्यात नमुना होता आणि बारीकरावांचा अर्धा खांदा. बायकोने तो कापून ठेवला.

पूल व्हायला सहा वर्षं लागली. या सहा वर्षांत बारीकराव निवृत्त झाले, मॅडमची बदली झाली. उद्घाटनाला म्हातारे इंजिनियर आले नव्हते, तब्येत बरी नसल्याचा त्यांचा निरोप आला होता.

पुलाने गाव बदललं. पलीकडचा दवाखाना दहा मिनिटांवर आला आणि कितीतरी घरांतली माणसं त्या दहा मिनिटांत वाचली. अलीकडे गोदामं उठली, जागांचे भाव चढले, जुनी काही दुकानं उठून गेली. टोलच्या नावाने लोक रोज खडे फोडत आणि रोज पुलावरून जात. लाँच खालच्या बंदरात विकली गेली. उतार मात्र आला नाही. त्याची फाइल कुठल्या मजल्यावर आहे हे दर वर्षी कुणीतरी सांगायचं, आणि दर वर्षी मजला वेगळा असायचा. बेटावरची वीसेक घरं गावात राहायला आली. बाकीच्यांनी जिना आपलासा केला. पोरं त्यावरून शाळेला धावू लागली. बायकांनी वरच्या कठड्याला कप्पी बांधली आणि दोरीने टोपल्या ओढून घ्यायला सुरुवात केली. पुलावरच्या पहारेकऱ्याने आधी नियम दाखवला. महिन्याभरात तोच वरून हाक मारून अंडी मागवू लागला.

ताईला आता एकशे चव्वेचाळीस झेपत नव्हत्या. बारीकरावांनाही एवढ्या उतरून पुन्हा चढणं जड जायचं. तेव्हा त्यांनी आपसात ठरवून वाटणी केली. ते बसने पुलाच्या मध्यावर उतरत आणि बहात्तर पायऱ्या खाली येत. ती बहात्तर चढून वर येई. चौथ्या टप्प्यावरच्या बाकावर दोघं बसत.

अशाच एका दुपारी दोघं पोचली तेव्हा वारा फिरायच्या बेतात होता. ताई धापा टाकत बसली. खाली बेटाची छपरं दिसत होती, वर पुलाचं करडं पोट. अधूनमधून एखादा ट्रक गेला की सगळा जिना किंचित थरथरायचा आणि पुलातून एक लांब, खालच्या पट्टीतला सूर निघायचा.

"ऐकलंस?" ताई म्हणाली. "गुणगुणतोय. पहिल्या वर्षी कोंबड्यांनी याच्या धसक्याने अंडी घालणंच सोडलं. आता हा गप्प बसला तर त्यांना करमत नाही."

"आणि तुला?"

"मला काय. मला दोन पायऱ्या कमी असत्या तर बरं झालं असतं." तिने गुडघे चोळले. "तुझ्या त्या म्हाताऱ्या साहेबाला सांग."

"ते गेले, ताई. मागच्या वर्षी."

ताईने बाकाच्या फळीवरून हात फिरवला, सुताराच्या बहिणीला कळावं तसा, कडेपासून कडेपर्यंत. "बाक चांगला आहे," ती म्हणाली.

वारा पडला. नदी वरपासून खालपर्यंत सपाट झाली आणि तिच्यात पूल उलटा उतरला, खांबांसकट, जिन्यासकट. त्या खालच्या जिन्यावरही दोन माणसं बसलेली होती, मोहरीएवढी. बारीकराव वाकून त्यांच्याकडे बघत राहिले. कोणती खरी आणि कोणती नमुन्यातली, हे ठरवायची त्यांना काही निकड वाटली नाही.

काही सांगायला म्हणून ते वळले, तर ताईचा डोळा लागला होता. डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलेलं, तोंड जरासं उघडं. त्यांनी खांदा हलू दिला नाही. उठवायची घाई नव्हती. परतीची बस सहाला होती.